‘टिकणार नाही’ची चिठ्ठी

मुलीने जेवताना फोनवरचा मजकूर वाचून दाखवला आणि माझा घास हातातच राहिला. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्याने व्हिसाच्या मुलाखतीआधी आपली सोशल मीडियावरची सगळी अकाउंट्स कोणालाही पाहता येतील अशी उघडी करून ठेवायची. मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं, मग फोन घेऊन स्वतः वाचलं. पावण्याच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर मी सही करत नाही. वाचलं ते खरं निघालं.

“सगळी म्हणजे?” बायकोने विचारलं.

“सगळी म्हणजे सगळी, मम्मी. पाच वर्षांत जी जी वापरली ती.”

“त्या हळदीतला तुझा नाच पण?”

“तो पण.”

“मग बघू दे की. नाचतेस चांगली.”

मायलेकी हसल्या. मला हसू आलं नाही. लग्न ठरवताना आम्ही मुलाकडच्यांना घर दाखवतो, पण कपाटं उघडून दाखवत नाही. इथे एक देश, ज्याच्या आरमाराच्या बोटी सगळ्या समुद्रांतून फिरतात, नावड्यातल्या एका मुलीला म्हणत होता, कपाट उघड.

आमच्यासाठी काय पणाला लागलं होतं ते आधी सांगतो. मुलगी तळोज्यातल्या एका कारखान्यात सांडपाणी तपासते. त्याच विषयात पुढे शिकायला तिला तिकडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, आणि फी माफ होती. फीमाफी नसती तर आम्ही तो विषय घरात काढलाही नसता. ऑगस्टपर्यंत हजर व्हायचं होतं. व्हिसा मिळाला नाही तर जागा गेली, आणि जागा गेली की माफीही गेली. आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर निळ्या कोटातला जो फोटो आहे, ते शंभरहून अधिक वर्षांपूर्वी त्याच देशात शिकले आणि परत आले. आम्ही मूळचे मराठवाड्यातले. माझे वडील गाव सोडून तुर्भ्याला हमालीला आले तेव्हा पत्र्याच्या पेटीत हाच फोटो होता. त्यामुळे ‘तिकडे शिकायला जाणं’ या गोष्टीला आमच्या घरात पगारापेक्षा वेगळा अर्थ आहे. तो मी कोणाला समजावून सांगत बसत नाही.

जेवण झाल्यावर मुलीने अकाउंट्स उघडली. मी बाजूला बसून तिचं पूर्ण नाव शोधयंत्रात टाकलं. बघणारा जे करेल ते आपण आधी करून पाहावं, एवढाच हेतू.

पहिल्याच ओळीत आमच्या सोसायटीच्या चॅनेलवरचा एक व्हिडिओ आला. मुलीचा तोंड उघडं असलेला फोटो, मागे आगीच्या ज्वाळा, कोपऱ्यात त्या देशाचा झेंडा, आणि वर पिवळ्या जाड अक्षरांत:

‘नावड्याच्या वाघिणीने अमेरिकेला धू धू धुतलं!!!’

तीन उद्गारचिन्हं होती. खाली तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इमारतीचा क्रमांक.

“हे काय आहे?” मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मुलगी वाकून बघायला लागली आणि खो खो हसत सुटली. “सेक्रेटरीकाकांनी केलंय! अहो पप्पा, जयंतीचं भाषण ते! ज्वाळा काय लावल्यात!”

जयंती म्हटलं की आमच्याकडे एकच, एप्रिलातली. दोन वर्षांपूर्वी त्या निमित्ताने सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदे लावून वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. मोबाईल शाप की वरदान हा विषय लागोपाठ तीन वेळा झाला होता, म्हणून कमिटीने त्या वर्षी मोठं काहीतरी घ्यायचं ठरवलं: ‘महासत्तेचं जगावरचं वर्चस्व टिकेल का?’ बाजू कोणी निवडायची नाही. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, निम्म्यांवर ‘टिकेल’, निम्म्यांवर ‘टिकणार नाही’. जी येईल ती बोलायची. माझ्याकडे वेळ आणि गुणांची बेरीज ही दोन कामं होती, कारण त्यावरून भांडणं होतात आणि माझ्याशी कोणी भांडत नाही. चार मिनिटांना एक घंटी, पाचला दुसरी. दुसरी वाजली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. हा नियमही मीच सुचवला होता.

मुलगी ‘टिकणार नाही’च्या बाजूने बोलली. युद्धं, क्षेपणास्त्रं, डॉलर यांतलं तिने फारसं काही घेतलं नाही. ती म्हणाली, आपल्या गच्चीवर टाकी आहे. पाणी वर राहतं असं आपल्याला वाटतं. ते राहत नाही, रोज चढवावं लागतं. उंची जेवढी जास्त तेवढा पंपाला जोर जास्त, आणि खाली नळ तर सगळ्यांचे चालू. वर असणाऱ्याला झोप नसते. मग तो नळावर पहारे बसवतो, कोण किती पाणी घेतं ते बघायला माणसं ठेवतो, आणि त्या माणसांनाही पाणी लागतं. त्याच आठवड्यात आमचा पंप जळाला होता. लोकांनी सेक्रेटरीकडे माना वळवून टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी तिला पहिला क्रमांक दिला. मी बेरीज तीनदा तपासली, कारण ती माझी मुलगी होती.

आता तीच बेरीज माझ्या अंगावर आली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सेक्रेटरींकडे गेलो. तुर्भ्याच्या एका गोदामातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, मूळचे कोकणातले. सोसायटीचं चॅनेल हे त्यांचं निवृत्तीतलं अपत्य. पंप, पार्किंग, गणपती, जयंती, सगळ्यांचे व्हिडिओ तेच टाकतात.

“साहेब, बसा बसा. चहा टाक गं,” त्यांनी आत हाक मारली. “काय, लेक कधी उडते?”

“त्याचंच बोलायला आलोय. तो व्हिडिओ काढून टाका.”

“कुठला?”

“वाघिणीचा.”

त्यांचा चेहरा पडला. “अहो, आपल्या चॅनेलवर सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ आहे तो! चारशे बारा लोकांनी पाहिलाय. गणपतीचा एकशे साठवर अडकलाय. आणि खरं सांगू का, माझा पोरगा त्याच स्पर्धेत तिच्याकडून हरला. तरी मी तिचाच टाकला. दुसरा बाप असता तर टाकला असता का?”

“उपकार आहेत. पण व्हिसा अडकेल.”

“भाषणावरून?” ते थांबले. मग हसायला लागले, पण हसणं मध्येच तुटलं. “खरंच बघतात ते?”

“बघू शकतात म्हणून लिहिलंय.”

“एवढा मोठा देश. आमी पार्किंगमध्ये काय बोललो ते बघत बसणार?” त्यांनी मान हलवली. “मग तर साहेब, तिचं म्हणणं खरंच की. पहारे बसवले म्हणाली होती ना ती? आणि गंमत बघा, एवढं धुतलं आणि आता त्यांच्याच दारात उभी.”

मला ते लागलं.

“काढतो मी,” ते म्हणाले. “दोन मिनिटांचं काम. पण तिला सांगू दे. भाषण तिचं आहे. तुमचं नाही, माझंही नाही.”

जिना चढताना मी मनात एक बाजू तयार केली. व्हिडिओ राहिलाच, कोणी विचारलंच, तर सांगता येईल: ही स्पर्धा होती, बाजू चिठ्ठीने ठरली, हे तिचं मत नव्हे. चिठ्ठीची पद्धत नियमावलीत छापलेली आहे. पुराव्याला मी स्वतः. मला बरं वाटलं. कारखान्यात एखादा तुकडा मापात बसत नाही असं वाटतं आणि मग कळतं की गेज चुकीच्या बाजूने धरला होता, तसं.

घरात शिरता शिरता मी ते सांगून टाकलं. बायको शेंगदाणे भाजत होती. तिकडे न्यायच्या चटणीचा हा पहिला नमुना होता, किती टिकते ते पाहायला. मुलगी ओट्याला टेकून सोललेले दाणे खात होती.

“चिठ्ठी,” मी म्हणालो. “तू बाजू निवडली नव्हतीस. विषय संपला.”

मुलीने हातातले दाणे खाली ठेवले.

“पप्पा, मला ‘टिकेल’ची आली होती.”

“काय?”

“चिठ्ठी. मला ‘टिकेल’ची आली होती. काकांच्या मुलाला ‘टिकणार नाही’ची. मी त्याच्याशी बदलून घेतली. मांडवाच्या मागे.”

मला खरोखर खुर्ची ओढून बसावं लागलं. एका वाक्यात दोन गोष्टी कोसळल्या होत्या. माझी बाजू गेली, आणि स्पर्धाही गेली. चिठ्ठी बदलणाऱ्याला बाद करायचं, हा नियम त्याच कागदावर होता.

“म्हणजे तुझा पहिला नंबरच बाद!” मी ओरडलो.

“अहो!” बायकोने उलथनं कढईवर आपटलं. “व्हिसाचं काय ते बघा. नंबर कुठे घेऊन बसलात?”

“का बदललीस पण?”

“मला ते बोलताच येईना,” मुलगी म्हणाली. “प्रयत्न केला. दोन ओळी लिहिल्या. खोट्या वाटल्या. त्याला काहीच फरक पडत नव्हता, तो म्हणाला घे.”

“मग आता काढायला सांग. सेक्रेटरी तयार आहेत.”

“नाही सांगणार.”

“काय नाही सांगणार?” बायको वळली. “एक भाषण काय ते. दुसरं करशील. हजार करशील. आधी जा तर खरी!”

“मम्मी, त्यात शिवी आहे का एक तरी? मी म्हटलं पाणी रोज चढवावं लागतं. ते मी तिकडे जाऊनही म्हणणार, माझा विषयच तो आहे. ते काढलं तर मग काय काय काढायचं? नदीवरच्या पोस्ट्स पण? कारखान्यांचं पाणी रात्री सोडतात ते मी लिहिलंय, ते पण?”

“ते त्यांच्याबद्दल नाहीये,” मी म्हणालो.

“तुम्हाला काय माहीत त्यांना कशाचं वाईट वाटतं? लिहून दिलंय का कुठे?”

लिहून दिलेलं नव्हतं. मी सगळं वाचलं होतं. काय चालतं आणि काय नाही, याची मर्यादा कुठेच नव्हती. मोठ्यात मोठं माप आणि लहानात लहान माप दिल्याशिवाय आमच्याकडे तुकडा नापास करता येत नाही. इथे फक्त ‘तपासणार’ एवढंच होतं.

“शिवाय तुम्ही तरी कुठे थांबलात,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “भावकीच्या ग्रुपमधून बाहेर पडलात ना? आत्याचा फोन आला होता, पप्पांना राग आलाय का म्हणून.”

बायको माझ्याकडे बघायला लागली. ती गोष्ट खरी होती. तो मजकूर वाचल्याच्या दुसऱ्या सकाळी मी ग्रुप सोडला होता, कारण तिथे एक चुलतभाऊ त्या देशाच्या अध्यक्षांची व्यंगचित्रं टाकतो. त्या देशाने आयातकर वाढवला तेव्हा कारखान्याची तिकडे जाणारी एक खेप अडकली होती. त्यावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याही पुसल्या. दुपारी कॅन्टीनमध्ये त्यावर बोलणं निघालं तसा डबा आवरला होता. आदल्या रात्री घरी बातम्या लागल्या तेव्हा टीव्हीचा आवाजही कमी केला होता.

“तुमचा फोन तर कोणी मागितलाच नव्हता,” बायको म्हणाली.

चटणी थोडी करपली.

शेवटी मुलीने एवढंच मान्य केलं की मथळा बदलायचा, कारण तो तिचा नव्हता. तिने सेक्रेटरींना फोन केला. “काका, ज्वाळा काढा, वाघीण काढा, आणि विषय आहे तसा लिहा.” त्यांनी कुरकुर करत लिहिला. भाषण राहिलं.

मुलाखतीपर्यंत मी रोज तो आकडा बघत होतो. व्हिडिओ उघडत नव्हतो, कारण मी उघडला तर एक माझाच वाढायचा. यादीत नुसता आकडा दिसतो. चारशे बारा. सकाळी पावण्याला जाताना चारशे बारा, परतताना चारशे बारा. तो वाढला की समजायचं, तिकडून कोणीतरी पाहिलं. एका देशाची नजर कशी ओळखायची, यासाठी माझ्याकडे तेवढं एकच साधन होतं.

मुलाखत वांद्र्याला, त्यांच्या वकिलातीत. आत फोन नेता येत नाही, म्हणून तिचा फोन धरून मी रस्त्यापलीकडे उभा राहिलो. माझ्यासारखे अनेक बाप दोन-दोन फोन धरून उभे होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळे एका दाराकडे बघत होते. तिथून बाहेर येणाऱ्याच्या हातात पासपोर्ट नसला तर चांगलं, असला तर वाईट, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, कारण व्हिसा मंजूर झाला की शिक्क्यासाठी पासपोर्ट आत ठेवून घेतात.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पासपोर्ट होता.

ती शांतपणे रस्ता ओलांडून आली आणि पासपोर्टमध्ये ठेवलेला कागद मला दिला. मी तो तिथेच उन्हात वाचला. छापील होता, तिचं नावही त्यावर नव्हतं. सगळ्यांना देतात तोच. अर्थ एवढाच, की शिकून झाल्यावर तुम्ही आपल्या देशात परत जाल अशी आमची खात्री पटलेली नाही.

“भाषणाचं विचारलं?”

“नाही.”

“मग काय विचारलं?”

“काय शिकणार. सांगितलं, सांडपाणी. मग परत येऊन काय करणार. सांगितलं, आमच्या मागे नदी आहे, ती. खिडकीतल्या माणसाने एकदा मान वर करून बघितलं, मग कागद सरकवला. तीन-चार मिनिटं झाली असतील सगळी मिळून.”

परत येणार नाही. मी ते वाक्य घरी पोचेपर्यंत पचवू शकलो नाही. आम्ही ज्या फोटोखाली तिला वाढवलं त्यातल्या माणसाची गोष्टच मुळी परत येण्याची आहे. तिकडे शिकून तिकडेच राहिले असते तर माझे वडील तुर्भ्यात कशासाठी ताठ उभे राहिले असते? हे त्या खिडकीतल्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही, हे मला समजतं. तरी धक्का बसला तो बसलाच.

रात्री बायको म्हणाली, “बघा, मी सांगत होते, भाषण काढा म्हणून.”

मी फोन उघडला. चारशे बारा.

आकडा कधीकधी उशिरा बदलतो असं सेक्रेटरींनी सांगितलं, म्हणून मी आठवडाभर थांबलो. चारशे बाराच राहिला. त्यांच्याकडे वेगळी साधनं असतील, आकडा न हलवता बघता येत असेल, हेही शक्य आहे. मला खात्रीने सांगता येणार नाही. पण माझ्या हातात असलेल्या मापाने मोजायचं तर भाषण कोणी पाहिलंच नव्हतं. त्या भाषणापायी मी ग्रुप सोडला, ओळी पुसल्या, टीव्ही हळू केला, मुलीशी भांडलो. पहाराच नव्हता. पहारेकरी मीच होतो, बिनपगारी, आणि माझ्यासारखे रस्त्यापलीकडे किती उभे होते.

टिकण्याचं म्हणाल तर, त्या दिवसांत मला वाटू लागलं होतं की हे वर्चस्व चांगलं टिकेल. पंप त्यांना चालवावाच लागत नव्हता. आम्ही खालूनच बादल्या भरून वर नेत होतो. मग मुलीने जर्मनीतल्या एका विद्यापीठाचा अर्ज उघडला. तिथे फी जवळपास नाही म्हणे, भाषा शिकावी लागेल. तिने माझ्याकडे पाहून म्हटलंही नाही की हे बघा. नुसती शब्द पाठ करत बसली. त्या देशात जे शिकणार होती ते आता दुसऱ्या देशात शिकेल, आणि तिथल्या प्रयोगशाळेला तिचे हात मिळतील. एका मुलीने फरक पडत नाही. पण त्या दिवशी दारातून पासपोर्ट हातात घेऊन बाहेर आलेल्यांची रांग मी पाहिली होती.

रविवारी दुपारी बायको म्हणाली, “मला एकदा बघायचंय ते. तेव्हा मी मांडवामागे भाज्या चिरत होते. माझी पोर काय बोलली एवढं?”

टीव्हीवर लावलं. नवीन मथळा, जुनं पार्किंग, मागे पडद्याची घडी. मुलगी दोन वर्षांनी लहान. टाकी आली, पंप आला, लोक हसले. बायको एकदा हसली आणि एकदा पदराने नाक पुसलं. माझी पहिली घंटी वाजली. पुढे पहारेकरी आले. मग मुलगी टेबलाकडे एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, “आणि ज्या दिवशी खालचे लोक ठरवतील की—”

टिंग.

ती जागच्या जागी थांबली, नमस्कार केला आणि गेली. टाळ्या. चित्र संपलं.

“काय ठरवतील?” बायकोने विचारलं.

मीही मुलीकडे वळलो. मला तो क्षण आठवत होता. तेव्हा माझं लक्ष फक्त हातातल्या घड्याळाकडे होतं.

“आठवत नाही,” मुलगी म्हणाली. “तिथेच पप्पांनी घंटी मारली ना.”

“आठव की.”

“नाही आठवत, पप्पा. दुसरं काहीतरी सुचेल.” तिने जर्मनचं पुस्तक उघडलं. बायको चटणीची बरणी उघडून वास घेऊन आली आणि म्हणाली, करपली होती तरी टिकलीय.

मी संध्याकाळी भावकीच्या ग्रुपवर परत घे म्हणून चुलतभावाला निरोप टाकला. मग यादी पाहिली. चारशे तेरा.